वाळूची मशागत

संपादकांनी पाठवलं होतं घोड्यांवर लिहायला. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात, भारताच्या संघाने सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं सोनं 1982 नंतर पहिल्यांदाच आलं होतं आणि चौघांच्या त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हा शहराच्या कडेला असलेली एखादी घोडेस्वारीची शाळा बघून या, मुलं, घोडे, पालक असं काहीतरी आणा, असा सांगावा होता. पुण्याच्या पूर्वेला, ऊस संपून गृहप्रकल्पांच्या पाट्या सुरू होतात त्या पट्ट्यातली एक शाळा मी गाठली. मुलं भेटली, घोडे भेटले, पालक तर भेटलेच भेटले. वही मात्र भरली ती पागेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडलेल्या एका गंजक्या सांगाड्याने.

सांगाडा म्हणजे सहा फूट रुंद, पाच फूट लांब लोखंडी चौकट. पुढे दात्यांच्या दोन ओळी, मध्ये आडवी पट्टी, मागे कुंपणाची जाळी. द्राक्षबागेत चालतो तसल्या छोट्या ट्रॅक्टरला तो साखळीने जोडायचा आणि घोडे जिथे फिरतात त्या वाळूवरून ओढायचा. हेच काम करणारं परदेशी कंपनीचं अवजार मागवायचं तर हिशेब लाखांत जातो. हे शाळेच्या मिस्त्रींनी भंगारातून जोडलंय. लोखंड, नटबोल्ट, साखळी, वेल्डिंगच्या कांड्या धरून दहा हजारांच्या आत, असं ते सांगतात.

स्वस्तात मस्त, एवढी बातमी करून मला परतता आलं असतं. पण मिस्त्रींना ते चालवताना पाहिलं आणि कळलं, की यातली खरी गोष्ट रुपयांत मोजायची नाही, इंचांत मोजायची आहे.

रिंगणाला शाळेत सगळे अरिना म्हणतात. ड्रेसाजचं पूर्ण मापाचं रिंगण 20 मीटर रुंद आणि 60 मीटर लांब, लहान असेल तर 20 बाय 40. इथलं पूर्ण मापाचं आहे. बघणाऱ्याला नुसती वाळू दिसते, पण तिच्याखाली थर असतात. तळाला मूळ जमीन, तिच्यावर पाणी मारून रोलरने दाबलेला मुरूम आणि बारीक खडी, जमल्यास त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे पाणी खाली जातं पण माती वर येत नाही, आणि सगळ्यात वर तीन ते चार इंच वाळू. चार इंच ऐकायला किरकोळ वाटतं. 1200 चौरस मीटरवर तेवढी वाळू पसरायची म्हणजे सुमारे 120 घनमीटर, बांधकामवाल्यांच्या हिशेबात बेचाळीस-त्रेचाळीस ब्रास. वजन दोनशे टनांच्या आसपास.

ही वाळू कुठली आणावी यावर घोडेवाले तासन्‌तास बोलू शकतात. नदीच्या वाळूचे दाणे वाहून वाहून गोलसर झालेले असतात, ते खुराखाली छर्ऱ्यांसारखे घरंगळतात. दगड फोडून केलेल्या क्रश सँडचे दाणे कोनदार, ते एकमेकांत अडकतात आणि खुराला पकड देतात. पण ती धुतलेली नसेल तर तिच्यातली भुकटी पहिल्याच उन्हाळ्यात हवेत जाते. शाळेने धुतलेली क्रश सँड घेतली. कापड मात्र खर्चाच्या यादीतून कापलं. या कापडाकडे आपल्याला शेवटी यावं लागणार आहे.

घोड्याला हे चार इंच कशाला हवेत, त्याचं उत्तर त्याच्या पायात आहे. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. हाडं, कंडरा आणि अस्थिबंध, बस्स. पळताना खूर बहुतेकदा टाचेच्या बाजूने टेकतो, किंचित पुढे सरकतो, मग त्याच्यावर भार येतो आणि शेवटी पुढचं टोक जमिनीत रोवून तो उचलला जातो. भरधाव वेगात एकेका पायावर घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट जोर येतो, म्हणजे पाचशे किलोच्या घोड्याचा साडेबाराशे किलो. जमिनीने आधी थोडं सरकू द्यायचं, मग धरायचं, मग रोवू द्यायचं, आणि हे सगळं निमिषात. जमीन टणक असेल तर हादरा सांध्यांत जातो. वाळू खोल आणि भुसभुशीत असेल तर कंडरा ताणल्या जातात. एकाच रिंगणात चार पावलांवर दोन्ही प्रकार सापडले तर त्याहून वाईट, कारण घोडा एका अंदाजाने पाय टाकतो आणि खाली भलतंच निघतं. एफईआय या जागतिक घोडेस्वारी महासंघाने 2014 मध्ये रिंगणांच्या पृष्ठभागावर एक श्वेतपत्रिका काढली. तिच्यात टणकपणा, हादरा शोषण्याची क्षमता, उसळी आणि पकड यांच्या रांगेत सारखेपणालाही जागा दिलेली आहे. यातली पकडीची गोष्ट आपल्याकडे घोडेवाल्यांना श्वेतपत्रिकेवाचून ठाऊक होती. माथेरानच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायला निघाले, तेव्हा त्यांवरून घोडे घसरतात ही घोडेवाल्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

सारखेपणा एकदा पसरला की राहिला, असं होत नाही. घोडेच तो मोडतात. शिकाऊ स्वार कडेकडेने फिरतो, दिवसभर दहा-बारा घोडे त्याच वाटेने जातात आणि फळ्यांना समांतर एक चाकोरी पडते. खुरांनी उडालेली वाळू फळ्यांच्या पायथ्याशी जमते. चाकोरीत उरते दीड इंच, फळीजवळ होते सहा इंच. अडथळ्याची उडी असेल तिथे घोडा ज्या जागी झेपावतो आणि ज्या जागी उतरतो त्या दोन्ही ठिकाणी खड्डे. कोपऱ्यांत वेगळी तऱ्हा. त्यात लीद. एक घोडा दिवसाला वीस-पंचवीस किलो लीद टाकतो. त्यातली रिंगणात पडलेली वेळीच पाटीत भरून उचलली नाही तर ती वाळूत मिसळते, वाळून भुकटी होते, उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात निसरडं.

मिस्त्री सांगोल्याकडचे. घरची कोरडवाहू जमीन, मग हडपसरला फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डर. शाळेत आले ते पागेची फाटकं आणि अडथळ्यांचे स्टँड करून द्यायला. काम संपलं तरी गेले नाहीत. त्या वेळी रिंगणावर जाळीचा एक तुकडा फिरवत असत, त्यावर दोन टायर ठेवलेले. जाळी फिरली की वरवर रेघा पडत, फोटोत छान दिसे. खालची चाकोरी तशीच. मिस्त्री बरेच दिवस कुंपणाला टेकून ते बघत राहिले, एवढंच ते त्या काळाविषयी सांगतात. मग भंगाराच्या दुकानाच्या खेपा सुरू झाल्या.

चौकटीला त्यांनी 50 मिलिमीटरचे अँगल वापरले. मीटरला साडेचार किलो वजनाचे. चार बाजू आणि मधल्या आडव्या पट्ट्या धरून चौकट पन्नास किलोच्या आत बसते. दाते म्हणजे आटे पाडलेल्या जाड सळया. अँगलला भोकं पाडून त्यांतून सळई खाली सोडायची आणि वर-खाली दोन नटांनी आवळायची. पुढच्या ओळीत चार चार इंचांवर अठरा दाते, मागच्या ओळीत सतरा, पुढच्यांच्या बरोबर मधल्या जागेत. म्हणजे वाळूत दर दोन इंचांना एक ओरखडा. दाता झिजला की नट सैल करून पाव इंच खाली घ्यायचा. वेल्डिंगने पक्के का नाही केले, असं मी विचारलं तेव्हा मिस्त्रींनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. “ताई, पक्कं केलं की मग ते त्याच्या मनानं चालतं.”

दात्यांमागची पट्टी हा दुसरा टप्पा. दात्यांनी मोकळी केलेली वाळू ती पुढे ढकलत नेते आणि खड्डा आला की त्यात सोडते. एका टोकाला खिळीवर फिरणारी, दुसऱ्या टोकाला ओळीने भोकं. सरळ लावली की नुसतं सपाटीकरण. डावं टोक पुढे घेऊन तिरकी लावली की वाळू पट्टीच्या कडेने सरकत उजवीकडे पडते. फळ्या डाव्या हाताला ठेवून कडेने फेरी मारली की फळीजवळचा ढीग चाकोरीत परत येतो. याच बेतात उलट्या बाजूने फिरलं तर वाळू आणखी बाहेर जाईल, म्हणून तिरक्या पट्टीने उलटी फेरी घालायला मिस्त्रींची सक्त मनाई आहे. रिंगणाच्या मध्यात शिरताना ते उतरतात, खिळी काढतात, पट्टी सरळ करतात आणि मग हव्या त्या दिशेने जातात. शेवटी जाळी. तिचं काम हलकं, पट्टीने सोडलेल्या बारीक कडा मोडणं आणि ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा पुसणं. त्यासाठीच अवजार ट्रॅक्टरपेक्षा रुंद हवं.

पण या सगळ्याच्या पोटात असलेली गोष्ट खोलीची. वाळू चार इंच. दात्यांनी वरची दीड-दोन इंच उकरायची, खालची तशीच दबलेली राहू द्यायची. दाता मुरमाला लागला की संपलं. मुरमातला खडा एकदा वर आला की तो वाळूत मिसळतो, खुराच्या तळव्याला लागतो, आणि जिथून आला तिथे पोकळी राहते. पुढच्या फेरीला तिथून दोन खडे येतात.

ही खोली राखायला चौकटीच्या दोन्ही बाजूंना ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांच्या घसरपट्ट्या आहेत. पाट्याचं पोलाद कडक आणि त्याला मुळातच बाक, त्यामुळे पुढचं टोक वर उचललेलं राहतं आणि वाळूत घुसत नाही. चौकट या पट्ट्यांवर तरंगत जाते आणि दाते पट्ट्यांच्या खाली दीड इंच डोकावतात. चौकट पाच फूट लांब ठेवण्यामागेही तोच विचार. आखूड अवजार प्रत्येक खड्ड्यात उतरतं आणि प्रत्येक उंचवट्यावर चढतं, म्हणजे आहे तीच लाट गिरवतं. लांब अवजार दोन उंचवट्यांवर टेकून मधला खड्डा भरतं.

आता वाळू कुठे घट्ट, कुठे सैल. घट्ट जागी दाते चढून वर येतात. सोपा उपाय म्हणजे वर वजन ठेवणं, आणि घरगुती अवजारं करणारे बहुतेक जण तेच करतात. टायर, सिमेंटचे ठोकळे, पाण्याचे कॅन. मिस्त्रींना ते मान्य नाही. वजन घट्ट आणि सैल यांत फरक करत नाही. घट्ट जागी दाते हवे तेवढे जातील इतकं वजन ठेवलं, तर सैल जागी घसरपट्ट्याच रुततात आणि दाते थेट मुरमात. ज्या जागा जपायच्या त्याच जास्त उकरल्या जातात. म्हणून ते खोली साखळीने ठरवतात.

चौकटीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांतून दोन साखळ्या येतात, एका गोल कडीत मिळतात आणि कडी ट्रॅक्टरच्या मागच्या आकड्यात. आकडा चौकटीपेक्षा उंच आहे. साखळी आखूड असेल तर ओढ तिरकी वर जाते, चौकटीचं नाक उचललं जातं, दाते हलके चालतात. साखळी लांब केली की ओढ आडवी होते, नाक खाली बसतं, दाते धरतात. घट्ट चाकोरीसाठी मिस्त्री दोन कड्या सोडतात, मऊ मध्यभागी दोन कड्या ओढून घेतात. मागे वळून दात्यांकडे क्वचितच बघतात, साखळीचा ताण आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाचा आवाज यांवर त्यांचा अंदाज चालतो. इंजिन दबलं की वाळू घट्ट, मोकळं झालं की सैल.

हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. वडील नांगरटीच्या वेळी हाळीस जुवाला पुढे-मागे बांधून फाळाची खोली कमी-जास्त करत, ते त्यांनी लहानपणी बघितलेलं. कुळवाची दिंड, जानवळी, फास हे सगळे भाग त्यांच्या अवजारात कुठे ना कुठे ओळखू येतात. आणि या विचारावर एकट्या सांगोल्याचा हक्क नाही. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या डेव्हिड वॉर्ड किंग या शेतकऱ्याने 1890 च्या दशकात आपल्या शेतासमोरचा चिखलाचा रस्ता नीट ठेवायला एक ओंडका मधोमध चिरला, दोन्ही अर्धुकं अडीचेक फुटांच्या अंतराने जोडली आणि घोड्यांच्या जोडीमागे साखळीने बांधून रस्त्यावरून ओढली. 1908 मध्ये तिथल्या कृषी खात्याने या अवजारावर शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढली. किंगचाही भर साखळीच्या लांबीवरच होता: आखूड साखळीने अवजार हलकं चालतं, लांब साखळीने जास्त माती कापतं. चालवणारा फळीवर उभा राहून कमी-जास्त भार इकडे तिकडे सरकवत असे. आज अमेरिकेत घरामागे दोन घोडे पाळणारे लोक कुंपणाच्या जाळ्या, जुन्या पलंगांच्या स्प्रिंगा, बोल्टने जोडलेले टायर, रेल्वेचे जुने स्लीपर असं काय काय ओढतात, त्या सगळ्यांचा पूर्वज हा ओंडका.

वेगाबद्दल मिस्त्री फार कडक आहेत. ट्रॅक्टर माणसाच्या चालीने चालला पाहिजे. शाळेतला एखादा उत्साही पोरगा स्टिअरिंगवर बसला की वाळूत बारीक लाटा उमटतात, कच्च्या रस्त्यावर जीप थडथडते तशाच. या लाटांचा अभ्यास झालेला आहे. 2007 मध्ये ताबेर्ले, मॉरिस आणि मॅकएलवेन या शास्त्रज्ञांनी वाळूच्या फिरत्या थाळीवर चाक चालवून दाखवलं, की एका ठरावीक वेगाच्या खाली लाटा पडत नाहीत, वर गेलं की पडतातच. पुढे चाकाऐवजी तिरकं पातं लावूनही तसंच दिसलं. मिस्त्रींना त्या प्रयोगाचं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि ट्रॅक्टरची किल्ली खिशातच ठेवायला हवी, असा त्यातून निष्कर्ष काढला.

सहा फुटांच्या पट्ट्यात वीस मीटर रुंदी संपवायला अकरा-बारा फेऱ्या लागतात. वळणं आणि उतरणं-चढणं धरून वीस-पंचवीस मिनिटं. आज लांबीने, उद्या तिरकं, परवा इंग्रजी आठाच्या आकड्यात. रोज त्याच रेषेने गेलं तर अवजाराचीच चाकोरी पडते. कोपरे ते दाताळ्याने हाताने करतात, कारण वळताना चौकटीची बाहेरची बाजू वाळू भिरकावते.

आणि माप. त्यांच्याकडे खाचा पाडलेली एक सळई आहे. ठरलेल्या जागी ती वाळूत खुपसायची, मुरमाला टक्‌ लागली की खाच वाचायची. आकडे ते जुन्या कालनिर्णयच्या पाठीवर लिहून ठेवतात. इतकी साधी, इतकी नेटकी व्यवस्था मी फार ठिकाणी पाहिलेली नाही, आणि तिच्याविषयी कौतुकाने लिहिताना हात आखडायचं मला कारण दिसत नाही.

काळजीची कारणं मात्र बरीच दिसली.

पहिलं कारण स्वस्तपणाच्या पोटातलंच. घरगुती अवजार स्वतःचे तुकडे मागे टाकतं. जाळी गंजते, तिची तार तुटते आणि बोटभर तुकडा वाळूत राहतो. लाकडाच्या फळीत खिळे ठोकून दाते करायची पद्धत जगभर आहे, पण खिळा तुटला तर तो पुन्हा सापडतो तो खुराच्या तळव्यात. रेडियल टायरमध्ये पोलादी तारा असतात. टायर घासला की त्या केसाइतक्या बारीक होऊन बाहेर येतात. शाळेतलं जुनं टायरांचं अवजार मिस्त्रींनी याच कारणाने मोडीत काढलं. दर आठवड्याला ते एका काठीला लोहचुंबक बांधून रिंगणभर फिरवतात. जाळी वर्षा-दोन वर्षांत बदलायची, असा त्यांचा नियम आहे. नालबंद आला की त्याच्याजवळ उभं राहून तळव्यात काही सापडतंय का, तेही बघतात. स्वस्त अवजाराचा खर्च असा माणसाच्या नजरेत भरावा लागतो.

दुसरं पाणी. किंचित ओली वाळू दाण्यांमधल्या पाण्याने धरून राहते. कोरडी मोकळी सुटते आणि पूर्ण भिजलेली पुन्हा खचते. दाते फिरवण्याआधी पाणी मारायचं, म्हणजे ओल खाली मिसळते आणि धूळ उडत नाही. पण 1200 चौरस मीटरवर पाच मिलिमीटर पाणी म्हणजे सहा हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर दोन दिवसही पुरत नाही. आजूबाजूच्या सोसायट्या आणि वाड्या टँकरवर जगत असताना घोड्यांच्या वाळूवर ते ओतायचं, हे शाळेलाही जड जातं. परदेशात ओल धरायला वाळूत मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. ते हवेतली ओल ओढून घेतं, पण लोखंड खातं, आणि इथे तर सगळं अवजारच भंगारातलं. मग एप्रिल-मेमध्ये पाणी कमी मारलं जातं आणि ट्रॅक्टरवरचा माणूस धुळीत बसतो. दगडाच्या भुकटीत सिलिका असू शकते, ती फुप्फुसात साचते. मिस्त्री तोंडाला पंचा बांधतात. त्या बारीक कणांना पंचा पुरत नाही. चांगला मास्क दोन वेळा आणून दिला, गरम होतं म्हणून तो शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे.

तिसरं, हे सगळं एका माणसाच्या कानावर उभं आहे. कुठे किती कड्या, हे त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. हाताखाली दिलेली दोन मुलं वर्षाच्या आत निघून गेली. घोडे सांभाळायला आलेल्या पोराला वाळू सांभाळण्यात रस कशाला असेल? मिस्त्री गावी गेले की शाळा पुन्हा नुसती जाळी फिरवते. सुट्टीवरून आल्यावर पहिला आठवडा चाकोरी भरण्यात जातो.

आणि चौथी गोष्ट अशी, की तिच्यापुढे अवजाराचं काही चालत नाही. शाळेची मूळ जमीन काळी आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. तिच्यावरचा मुरूम दरवर्षी थोडा वर-खाली होतो, आणि मध्ये कापड नसल्याने काळी माती मुरमातून वर येते. खरं तर हे दिसायला हवं होतं. कोपरा खचला की तिथे खळगा दिसतो, पाणी साचतं, कुणीतरी विचारतं. इथे खळगा दिसलाच नाही, कारण मिस्त्रींची पट्टी दर फेरीला तो भरत होती. उंचवट्यावरची वाळू आणून खड्ड्यात सोडायची, हेच तर तिचं काम. रिंगण वरून सपाट राहिलं आणि खालून उतरत गेलं.

पकडलं ते खाचांच्या सळईने. ड्रेसाजच्या रिंगणाभोवती अक्षरांच्या पाट्या असतात. त्यातल्या ‘एफ’ या पाटीजवळच्या कोपऱ्यात आकडे चारवरून साडेचार, पाच, साडेपाच असे चढत गेलेले कालनिर्णयच्या पाठीवर दिसतात. वर काही फरक नाही, खाली दीड इंच जास्त वाळू. त्याच कोपऱ्यात घोडा वळतो, म्हणजे पायांवर जास्त ताण. शिवाय अलीकडे दात्यांना तिथे खडे लागतात. मुरूम सैल होऊन वाळूत मिसळू लागलाय.

त्यावर मार्ग दोन. एक, तेवढाच कोपरा खणायचा, काळी माती काढायची, थराथराने मुरूम भरून दाबायचा. हे स्वस्त, पण नव्या-जुन्या मुरमाच्या सांध्याशी पुन्हा खचण्याची भीती. दुसरा, सगळी त्रेचाळीस ब्रास वाळू बाजूला काढायची, तळ पुन्हा करायचा, कापड घालायचं, पाण्याला एक-दोन टक्के उतार द्यायचा आणि वाळू चाळून परत टाकायची. मिस्त्रींना दुसरा मार्ग हवा आहे आणि तो पावसाआधी हवा आहे, कारण भिजलेल्या काळ्या जमिनीवर रोलर चालत नाही. शाळेला तेच दोन महिने मोकळे नाहीत. एप्रिल-मेच्या सुट्टीतली शिबिरं म्हणजे वर्षाच्या चाऱ्याचे पैसे.

दोघांचंही खरं आहे, आणि दहा हजारांच्या त्या अवजाराने दोघांनाही इतके दिवस हा वाद पुढे ढकलू दिला. तेच अवजार वाईट असतं तर खळगा पहिल्याच पावसात दिसला असता आणि तळाचं काम कधीच निघालं असतं. स्वस्त आणि चांगल्या अवजाराचा हा धोका कुठल्या कॅटलॉगात लिहिलेला नसतो. ते खर्च वाचवतं, आणि कधी कधी करायलाच हवा असा खर्चही वाचवतं.

मी निघाले तेव्हा निर्णय झालेला नव्हता. शिबिरं संपल्यावर कोपरा खणायचा की दिवाळीनंतर सगळं रिंगण उघडायचं, यावर बोलणी चालू होती. तोपर्यंत ‘एफ’च्या कोपऱ्यात मागच्या ओळीचे दाते पाऊण इंच वर घेऊन चालवायचं, तिथे उडीचे अडथळे लावायचे नाहीत आणि शिकाऊ मुलांना वळण आतून घ्यायला सांगायचं, एवढं ठरलंय.